गुलामाची शिकवण आणि मनाचे वैद्य

परीक्षेत नापास झालेला एक विद्यार्थी मागे माझ्याकडे आला नि म्हणाला, "सर, माझं आयुष्य फुकट गेलं." आता नापास झाला हे खरे, पण आयुष्य फुकट गेले, हा निकाल कोणत्या विद्यापीठाने लावला? तो त्याचा त्यानेच लावला होता! घटना आणि तिच्यावर आपण दिलेला निकाल या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एपिक्टेटस शिकवीत असे.

हा एपिक्टेटस मूळचा गुलाम. जन्म आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा. पायाने अधू. रोममध्ये नीरो बादशहाच्या एका कारभाऱ्याच्या घरी तो राबला. पुढे मुक्त झाला. डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हद्दपार केले, तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला गेला आणि तिथे त्याने शाळा काढली. स्वतः त्याने काही लिहिले नाही. एरियन या शिष्याने टिपून ठेवले म्हणून ते आपल्या हाती आले. झीनोने इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये सुरू केलेल्या स्टोइक पंथाचा हा वारस. आपल्या हातात काय आहे नि काय नाही, याची आधी वाटणी करा, असे तो सांगे. इ. स. १६१ ते १८० या काळात राज्य करणारा मार्कस ऑरेलियस त्याचाच वाचक. गुलाम शिकवतो आणि बादशहा शिकतो!

आता एकदम विसाव्या शतकात या. न्यूयॉर्कच्या आल्बर्ट एलिसला (१९१३–२००७) तरुणपणी मुलींशी बोलायची भारी धास्ती. एकोणिसाव्या वर्षी त्याने नेम केला, की बागेत बाकावर एकटी स्त्री दिसली की जाऊन बोलायचे. महिन्याभरात तो शंभरजणींशी बोलला. भेटायला एकच तयार झाली, तीही आली नाही! पण आभाळ काही कोसळले नाही, आणि धास्ती मात्र गेली. पुढे मनोविश्लेषणाची वाट सोडून त्याने १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि स्टोइकांचे ऋण मोकळेपणी मान्य केले. फिलाडेल्फियाच्या अ‍ॅरन बेक यांनीही नैराश्यावरील १९७९ च्या ग्रंथात तेच मूळ सांगितले. आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिसची पद्धती मराठी वाचकांपर्यंत पोचवली.

रीत साधी आहे. कागदावर तीन रकाने आखा: घटना, तिच्याविषयीची समजूत आणि मनावर झालेला परिणाम. मग समजुतीला विचारा, पुरावा काय?

पण थांबा. 'मन आवरा' म्हणजे अन्याय सोसा, असा अर्थ कोणी काढील. ही शंका खोटी नव्हे. एपिक्टेटसने गुलामगिरी मोडायला काही सांगितले नाही. शिवाय त्याला शिष्य सज्जन व्हायला हवा होता. वैद्याला रोग्याची व्यथा उतरायला हवी असते. म्हणून वाटणी प्रामाणिकपणे करावी लागते. जे बदलता येते ते 'हातात नाही' या बाजूला ढकलणे, हा विवेक नव्हे, आळस आहे. आणि आजार बळावला असेल तर कागद पुरत नाही, वैद्याकडेच जावे.

त्या विद्यार्थ्याकडून मी तीन रकाने भरून घेतले. पुढच्या परीक्षेत एका विषयात तो पुन्हा राहिला. या खेपेला मात्र आल्या आल्या त्याने विचारले, "सर, या विषयाला कोणतं पुस्तक वाचू?"