शैवालाचे इंधन आणि अमळनेरचे वनस्पती तूप

१/ अमळनेर म्हटले की साने गुरुजी आठवतात, तत्त्वज्ञान मंदिर आठवते. तेथील वनस्पती तुपाचा कारखाना मात्र 'विप्रो'च्या चरित्रातील पहिल्या परिच्छेदापुरताच उरतो. 'तेलाकडून संगणकाकडे' अशी ती कथा सांगितली जाते. जणू तेलात विज्ञान नव्हतेच!

२/ २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स'ची स्थापना केली. भुईमूग पिकवणाऱ्या खानदेशात तिचा कारखाना उभा राहिला. 'सनफ्लॉवर' वनस्पती आणि '७८७' साबण ही तिची उत्पादने.

३/ वनस्पती तूप म्हणजे हायड्रोजनच्या योगाने घट्ट केलेले तेल. ही क्रिया निकेल घडवून आणतो. पॉल साबातिए यांनी निकेलचा हा गुण उजेडात आणला. विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०१ मध्ये तो द्रव तेलांना लागू केला.

४/ पण कच्च्या तेलात फॉस्फरसयुक्त चिकट द्रव्ये असतात आणि ती कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह धरून ठेवतात. ही घाण निकेलवर बसली की क्रिया मंदावते. म्हणून तेलाला आधी फॉस्फोरिक आम्ल देतात. धातू सुटतात, धुण्याच्या पाण्याबरोबर जातात. उरलेले शोषक माती टिपते. शेवटी खुद्द निकेलही गाळून काढावा लागतो.

५/ आता शैवालाकडे वळू. अमेरिकेने १९७८ ते १९९६ या काळात शैवालापासून इंधन मिळवण्याचा सरकारी प्रकल्प चालवला. शैवालाच्या हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असते. शिवाय ते पाण्यातील धातू शोषून घेते. त्याच्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करताना धातू उत्प्रेरकाची छिद्रे बुजवतात. अडचण तीच, आणि आम्ल, पाणी, माती हे उपायही ओळखीचेच!

६/ बायोडिझेलच्या युरोपीय मानकात सोडियम-पोटॅशियम मिळून किलोमागे ५ मिलिग्रॅम, कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळूनही तेवढेच चालते. अधिक झाले तर इंजिनात राख साचते.

७/ राजवाड्यांनी वाड्यांतील दप्तरे धुंडाळली. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात १९२७ पासून उभे आहे. आता तीच आस्था गिरण्यांच्या नोंदवह्यांना आणि तेल शुद्ध करणाऱ्या कामगारांच्या आठवणींना लाभायला हवी. कागद रद्दीत जातात, माणसे थकतात. त्यांच्यासोबत खानदेशच्या विज्ञानाचा इतिहासही जाईल.