स्वरलिपी ते टॅब्लेचर : कागदावरच्या गाण्याचा इतिहास

महाराष्ट्रात गाणे शिकण्याची मूळ रीत मौखिक होती. गुरूने म्हणावे आणि शिष्याने ते जसेच्या तसे गळ्यावर चढवावे, हा शिरस्ता घराण्यांच्या तालमीत होता, तसाच राजगडाच्या वाटेवरील मार्गासनीसारख्या मावळातील गावांच्या भजनपरंपरेतही होता. पुण्यात 1874 साली गायन समाज स्थापन झाला आणि घराण्याबाहेरच्या माणसालाही संगीताचे शिक्षण मिळावे, हा विचार शहरी मध्यमवर्गात रुजू लागला. एका गुरूने अनेकांना एकत्र शिकवायचे, तर गाणे लिहून ठेवण्याची सोय हवी, या निकडीतून स्वरलिपीला, म्हणजे स्वर आणि ताल चिन्हांनी लिहिण्याच्या पद्धतीला, महत्त्व आले.

कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि वर्गात शिकवण्यासाठी स्वतंत्र स्वरलिपी रचली. मुंबईचे विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी त्याहून सुटसुटीत लिपी वापरून शेकडो बंदिशी ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत संग्रहित केल्या. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब व तार सप्तकासाठी वर टिंब येते. समेला फुली आणि कालाला शून्य असते, त्यामुळे प्रत्येक स्वर कोणत्या मात्रेवर पडतो ते नजरेला दिसते. मात्र ‘सा’ कोणत्या पट्टीत धरायचा, हे ही लिपी गायकावरच सोपवते. सतारीच्या गतींमध्ये स्वरांखाली ‘दा’, ‘रा’, ‘दिर’ असे बोल लिहितात. ते उजव्या हाताच्या आघाताची दिशा सांगतात, म्हणजे हाताची क्रिया लिहिण्याची कल्पनाही आपल्याकडे परकी नव्हती.

गोव्यात वेगळी परंपरा वाढली. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमधून मुलांना पाच रेघांचे पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवले जाई, आणि तिथले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. अँथनी गोन्साल्विस व सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या संगीत संयोजकांनी संगीतकारांच्या चालींना वाद्यमेळाची जोड दिली आणि प्रत्येक वादकाचा भाग कागदावर लिहून दिला. लिओ फेंडर यांची ‘प्रिसिजन बेस’ ही विजेवर चालणारी, पडदे असलेली बेस गिटार 1951 मध्ये अमेरिकेत बाजारात आली. कालांतराने ती हिंदी चित्रपटगीतांतही रुळली आणि राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी ती वाजवली.

टॅब्लेचर या सर्वांपेक्षा निराळे आहे, कारण ते स्वराचे नाव सांगत नाही, बोटाची जागा सांगते. युरोपात ल्यूट या तंतुवाद्यासाठी ते फार पूर्वी रूढ होते आणि व्हेनिसच्या पेत्रुची यांनी 1507 मध्ये ते छापून प्रसिद्ध केले. बेस गिटारच्या टॅबमध्ये चार तारांसाठी चार आडव्या रेघा असतात. सर्वांत खालची रेघ सर्वांत जाड तारेची, रेघेवरचा आकडा पडद्याचा आणि शून्य म्हणजे मोकळी तार. लगतच्या दोन पडद्यांत अर्ध्या स्वराचे अंतर असल्याने जाड तार मोकळी छेडून तिला ‘सा’ मानले, तर पाचव्या पडद्यावर शुद्ध मध्यम मिळतो, आणि नेमका तोच नाद शेजारची तार मोकळी छेडूनही निघतो. स्वरलिपीत या दोन्ही जागांना एकच ‘म’ पुरतो. टॅब मात्र त्यांतली एक जागा निवडून देते, आणि नवशिक्याच्या हाताला हवे असते ते हेच.

पेत्रुचींच्या छपाईत आकड्यांच्या वर कालमानाची चिन्हे होती. आज प्रचलित असलेल्या साध्या टॅबमध्ये ती बहुधा गळालेली असतात. त्यामुळे एखाद्या लोकप्रिय गाण्याचा बेस टॅबवरून बसवणाऱ्याला पडद्यांचे आकडे बिनचूक मिळतात, पण कोणता स्वर किती मात्रा टिकवायचा आणि सम कुठे गाठायची, हे मूळ गाणे वारंवार ऐकूनच ठरवावे लागते. भातखंड्यांच्या पुस्तकातील बंदिशही ऐकल्याशिवाय पुरती उभी राहत नाही. म्हणून टॅब हाती घेणाऱ्याने आकड्यांखाली सरगम लिहावी, हाताने मात्रा मोजाव्यात आणि मगच तार छेडावी; लिपी कोणतीही असो, गाण्याचा अखेरचा निवाडा कानच करतो.