ग्रंथकर्त्याचा वाटाड्या

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांची पासोडी पाहून मनुष्य थक्क होतो. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा त्या वस्त्रावर त्यांनीं पंचीकरणाचा विषय लिहून काढला. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लक्ष ओंव्यांचा मानला जातो. ज्ञानेश्वरी सुमारें नऊ सहस्र ओंव्यांची. ती घरोघरीं वाचली जाते, गीतार्णव मात्र अभ्यासकांपुरताच उरला. दासोपंतांची विद्वत्ता निःसंशय थोर. पण 'आतां पुरे' असें म्हणणारा कोणी त्यांच्याजवळ होता काय, असा प्रश्न आमच्या मनांत उभा राहतो.

आज लेखन शिकविणारे मार्गदर्शक मोल देऊन मिळतात. एखाद्या तालुक्याच्या गांवीं पहिलें पुस्तक लिहिणाऱ्या तरुणानें असा वाटाड्या केव्हां सोबत घ्यावा, आणि तो पारखावा कसा? याचें उत्तर आपल्या वाङ्मयाच्या आरंभकाळींच सांपडतें.

महानुभाव पंथांतील पंडित केसोबास संस्कृतांत लिहूं पाहत होते. नागदेवाचार्यांनीं त्यांस आवरलें. तसें झाल्यास आपल्या भोळ्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता 'स्मृतिस्थळां'त नमूद आहे. लेखणी उचलण्यापूर्वीं सल्ला घ्यावयाचा तो एवढाच: हें कोणासाठीं?

दुसरी वेळ ग्रंथ पुरा झाल्यावरची. भास्करभट्ट बोरीकरांनीं 'शिशुपालवध' रचून गुरुबंधूस दाखविला. ग्रंथ उत्तम, परंतु शृंगारामुळें विरक्तांच्या उपयोगाचा नाहीं, असा अभिप्राय मिळाला. कवीनें तो मनावर घेऊन भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' रचली. पण जुना ग्रंथ त्यानें फाडला नाहीं, आणि रसिक आज 'शिशुपालवधा'सच अधिक मानतात. म्हणजे परीक्षकाचा निर्णय त्याच्या मापानें खरा होता. तें माप मात्र सर्वांचें नव्हतें.

तिसरी कथा नरेंद्र कवीची. त्याचें 'रुक्मिणीस्वयंवर' (१२९२) ऐकून रामदेवरायानें तें आपल्या नांवावर करण्यासाठीं सोनें देऊं केलें, आणि कवीनें नकार दिला, असें परंपरा सांगते. तेथें मोल देणारा राजा होता; आज मोल देणारा स्वतः लेखक असतो. धोका मात्र तोच: पैशाच्या व्यवहारांत ग्रंथ दुसऱ्याचा होऊन जातो.

म्हणून आमचें सांगणें असें. पहिला खर्डा स्वतःच्या हातानें पुरा केल्यावांचून कोणास पैसे देऊं नयेत. न लिहिलेल्या ग्रंथास कोण काय दुरुस्त करणार? मग दोन-चार पानें वाचावयास द्यावींत. जो प्रथम वाचक कोण हें विचारील, दोष कोठें व कां हें दाखवील, आणि सुधारणेचें काम आपल्यावरच सोपवील, तो ठेवावा. जो कीर्तीची हमी देईल किंवा वाक्यें स्वतः लिहून देईल, त्यास नमस्कार करून निरोप द्यावा. शुल्क वाचनाच्या श्रमाचें द्यावें, स्तुतीचें नव्हे. आणि अभिप्राय कितीहि खरा वाटला, तरी भास्करभट्टाप्रमाणें नवें लिहावें. जुनें वहींत जपून ठेवावें.