लांडग्यावरील इनाम

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा इतिहास सांगताना आपण बहुधा परगणे, जहागिरी, कालवे आणि साखर कारखाने यांचा उल्लेख करतो. परंतु याच प्रदेशात मनुष्यवस्तीपासून हाकेच्या अंतरावर शतकानुशतके राहत आलेल्या एका शेजाऱ्यास त्या इतिहासात फारसे स्थान मिळत नाही. तो शेजारी म्हणजे लांडगा. आणि त्याच्या पाठोपाठ येणारा त्याचा धाकटा भाऊबंद, कोल्हा. या दोघांशी मनुष्याने कोणत्या काळी कसा व्यवहार केला, हे आज आपणांसमोर थोडक्यात मांडावयाचे आहे.

प्रथम भूमीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. सह्याद्री ओलांडून आलेला पाऊस या भागात पोहोचेपर्यंत रिता झालेला असतो. वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी, पाऊस पडतो. त्यामुळे येथे दाट अरण्य असे कधी फारसे नव्हतेच. होता तो माळ : मुरमाड जमीन, गुडघाभर गवत, तुरळक बोरीबाभळी आणि मधून मधून ओढे. बारामतीला लागून असलेले जळोची हे गाव आता नगरपरिषदेच्या हद्दीत आले असून तेथे इमारती उभ्या राहिल्या आहेत. परंतु जळोचीसारख्या गावांच्या शिवारापलीकडे पूर्वी जसा माळ पसरलेला असे, तसा तो आजही सुपे, शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी या बाजूंस काही अंशी शिल्लक आहे. ससे, चिंकारा, उंदीर आणि मेंढरांचे कळप यांवर जगणाऱ्या लांडग्याचे हेच खरे घर होय.

आपल्या शहरी मंडळींत या प्राण्यांच्या नावांचा बराच घोटाळा असतो. लांडगा हा यांतील सर्वांत मोठा. वजनाने साधारणतः अर्धा मण, उंच पायांचा आणि अंगाने सडपातळ. कोल्हा त्याहून लहान. सायंकाळी सामुदायिक स्वर काढून रडतो तो हाच. आणि तिसरे खोकड. ते मांजराहून थोडे मोठे, झुपकेदार व काळ्या टोकाच्या शेपटीचे असून फारसे कोणाच्या वाटेस जात नाही. शालेय पुस्तकांत ज्यास द्राक्षे आंबट लागली तो परदेशी प्राणी वस्तुतः खोकडाच्या जातीचा; पण भाषांतरकारांनी त्यास कोल्हा करून टाकले, आणि तेव्हापासून मराठी मुले या दोघांस एकच समजत आली आहेत.

आता इतिहासाकडे वळू. इ. स. १६३० च्या सुमारास पुणे प्रांतावर दोन संकटे एकदम कोसळली. आदिलशाही फौजेने पुणे जाळून बेचिराख केले आणि त्याच वेळी दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. गावे ओस पडली, शेते पडीक झाली. जेथून मनुष्य उठून जातो तेथे गवत वाढते, आणि जेथे गवत वाढते तेथे लांडगा येतो. पुढे १६३६ च्या सुमारास शहाजीराजांच्या या जहागिरीची व्यवस्था दादोजी कोंडदेव पाहू लागले, तेव्हा त्यांनी ज्या उपायांनी मुलूख पुन्हा वसविला त्यांत एक उपाय लांडग्यांविषयीचा होता. लांडगे मारून आणणाऱ्या डोंगरी लोकांस बक्षीस देऊन त्यांनी त्या श्वापदांचा उपद्रव मोडला, असे जुन्या बखरीच्या आधारे इतिहासकारांनी नमूद केले आहे. सुपे, इंदापूर, बारामती हा टापूही याच जहागिरीचा भाग होता.

या गोष्टीचे मर्म नीट पाहावे. हे बक्षीस शिकारीच्या हौसेखातर नव्हते. ते लागवडीसाठी होते. गुराढोरांस अभय मिळाल्यावाचून कुळे परत येणार नाहीत, कुळे आल्यावाचून नांगर चालणार नाही आणि नांगर चालल्यावाचून वसूल येणार नाही, असा तो सरळ हिशेब होता. शेती आणि लांडगा यांच्यामधील तराजू राजसत्तेने स्वतःच्या हाती घेतल्याचा हा आपल्या भागातील एक जुना दाखला म्हणता येईल.

दोनशे वर्षांनी दुसरी राजसत्ता आली. तिने प्रथम लांडग्याचे नाव कागदावर लिहिले आणि नंतर त्याच्या डोक्याची किंमत ठरविली. मुंबई सरकारने १८२४ साली कर्नल विल्यम साइक्स या अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिक पाहणी करण्याच्या कामी नेमले. जमीन, पिके, खानेसुमारी यांसोबत या गृहस्थाने पशुपक्ष्यांचीही नोंद केली आणि १८३१ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी ठेवली. आपल्या लांडग्यास त्याने फिक्कट पायांचा अशा अर्थाचे 'पॅलिपेस' हे लॅटिन नाव दिले. आज जगभरचे शास्त्रज्ञ भारतीय लांडग्यास याच नावाने ओळखतात. विशेष हे की, त्याने मराठ्यांच्या तोंडची लांडगा, कोल्हा, कोळसून ही देशी नावेही शेजारी टिपून ठेवली. जगाच्या शास्त्रात आपल्या माळावरचा लांडगा गेला तो असा, दख्खनच्या पत्त्यासह.

परंतु शास्त्रज्ञाचे कुतूहल निराळे आणि सरकारचे धोरण निराळे. इंग्लंडमध्ये लांडगा मध्ययुगाच्या अखेरीसच नामशेष झाला होता. जो प्राणी आपल्या देशात उरला नाही तो इतरत्रही उरू नये, हाच सुधारणेचा मार्ग, असे त्या राज्यकर्त्यांस वाटणे स्वाभाविक होते. हिंस्र पशू मारणाऱ्यास सरकारी खजिन्यातून इनाम देण्याची पद्धत देशभर रूढ झाली. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत अशा इनामापायी हिंदुस्थानात ऐंशी हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकारांचा हिशेब आहे. पुरावा म्हणून कातडे किंवा मुंडके हजर करावे लागे. ढोलीत धूर कोंडून पिल्ले बाहेर काढणे हा त्यांतील सोपा मार्ग होता. कोल्ह्याचे कातडे लांडग्याचे म्हणून खपविले जाते की काय, ही शंका अधिकाऱ्यांस सदैव छळीत असे. याच काळी छावण्यांतील गोरे अधिकारी घोड्यांवर बसून, विलायती शिकारी कुत्री कोल्ह्यांमागे सोडून, मायदेशच्या खोकडशिकारीची हौस भागवून घेत. एकाच्या बाबतीत इनाम आणि दुसऱ्याच्या बाबतीत खेळ, असा तो प्रकार होता.

मग एतद्देशीय शिकाऱ्यांचे काय? त्यांची पद्धत यांहून सर्वस्वी भिन्न होती. इंदापूर तालुक्यातील वडापुरी हे गाव तिरुमल नंदीवाल्यांचे मोठे ठाणे. नंदीवाले, फासेपारधी आणि वैदू या भटक्या जमातींचा अभ्यास कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ या विद्वानांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात केला. त्यांत असे आढळले की, एकाच माळावर हिंडणाऱ्या या जमातींनी शिकार जणू वाटून घेतली होती. फासेपारध्याने फासे लावून काळवीट, तितर धरावेत. नंदीवाल्याने कुत्र्यांच्या साह्याने साळिंदर, घोरपड, रानडुक्कर मारावे. मुंगूस, उदमांजर यांसारखे लहान मांसाहारी प्राणी वैद्याकडे असावेत. एकाने दुसऱ्याच्या वाट्यात सहसा हात घालू नये. ज्यास उद्याही याच माळावर पोट भरावयाचे आहे, तो आज सर्व काही संपवून टाकीत नाही. इनामाच्या पद्धतीत हा उद्याचा विचार नव्हता.

या लोकांच्या नशिबी पुढे काय आले, हेही सांगितले पाहिजे. १८७१ च्या कायद्याने सरकारने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविण्यास आरंभ केला आणि पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. तो १९५२ साली कायद्याने पुसला गेला; लोकांच्या मनांतून मात्र अद्यापि पुरता गेलेला नाही.

लांडग्याशी ज्याचा रोजचा संबंध, तो मात्र शिकारी नव्हे, तो धनगर. दिवाळीनंतर कळप घेऊन निघावे, रानोमाळ हिंडावे, एखाद्या शेतकऱ्याच्या वावरात खतासाठी मेंढरे बसवावीत आणि त्याबद्दल धान्य घ्यावे, हा त्याचा क्रम. रात्री मेंढरांभोवती तो जाळी उभी करतो, तिला वाघर म्हणतात. संस्कृतात वागुरा म्हणजे शिकाऱ्याचे जाळे. आपला शब्द त्यापासूनच आला असावा. जे जाळे शिकाऱ्याने पशू धरण्यासाठी विणले, तेच मेंढपाळाने पशू दूर ठेवण्यासाठी वापरले, असा हा अर्थाचा प्रवास आहे. वाघर, कुत्री, जागते डोळे आणि मोठ्याने दिलेली हाळी, एवढ्याच साधनांवर त्याने पिढ्यानुपिढ्या निभावले. इतके करूनही एखादे कोकरू गेलेच, तर तो लांडग्याचा वाटा, अशी समजूत अनेक धनगरांत आढळते. याचा अर्थ धनगर नुकसानीस हसत सामोरा जातो असा नव्हे. मेंढरू हीच त्याची पेढी. एका रात्री चारदोन मेंढरे फाडली गेली की वर्षाचा हिशेब कोलमडतो. चिडून विष घातल्याची किंवा पिल्ले मारल्याची उदाहरणेही घडलेली आहेत. मराठीत लचके तोडण्यास 'लांडगेतोड' हा शब्द उगाच आलेला नाही. तथापि एकंदरीत पाहता, दोन लाखांचा संहार झाल्यावरही दख्खनच्या माळावर लांडगा उरला, त्याचे श्रेय या सोसण्यास दिले पाहिजे.

आता या कथेतील सर्वांत मोठे स्थित्यंतर. ते बंदुकीने घडले नाही, पाण्याने घडले. दुष्काळनिवारणाच्या गरजेतून नीरा नदीचा डावा कालवा काढण्यात आला आणि १८८५ साली त्याचे पाणी वाहू लागले. बारामती-इंदापूरच्या कोरड्या शिवारात ऊस आला. १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगरसारखा कारखाना उभा राहिला. हजारो कुटुंबांस अन्न मिळाले, हे निर्विवाद होय. परंतु माळाचा ऊस झाला तेथून लांडगा हटला, कारण त्यास मोकळे रान लागते. कोल्ह्याचे मात्र फावले. उसाच्या फडात लपावयास जागा, उंदरांची चंगळ, शिवाय मका आणि कलिंगडे! कोल्हा काकडीला राजी, ही म्हण शेतकऱ्याने अनुभवातूनच रचलेली आहे. त्याच्या बंदोबस्तास शेतकऱ्याजवळ पत्र्याचे डबे, कुत्रे आणि काटेरी कुंपण यांपलीकडे काही नव्हते, आणि बहुधा तेवढे पुरतही असे.

स्वातंत्र्यानंतर राजसत्तेचे मन पालटले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्यास संरक्षण मिळाले. ज्यास मारल्याबद्दल इनाम मिळे, त्यास मारल्याबद्दल आता तुरुंग. १९९७ साली सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सव्वापाच चौरस किलोमीटरही नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने भारतीय लांडग्याचा वंश जगातील लांडग्यांच्या अतिप्राचीन शाखांपैकी एक असल्याचे दाखवून दिले. आज देशात असे लांडगे तीन हजारांच्या आसपास उरले आहेत, असा अंदाज आहे. २०२३-२४ च्या सुमारास वनखात्याने कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे गवताळ रानाची सफर सुरू केली. म्हणजे ज्या इंदापूर परगण्यात लांडगा मारण्यासाठी पैसे मिळत, तेथे आता तो पाहण्यासाठी पैसे मोजावे लागतात.

श्रोतेहो, येथे कथा सुखाने संपली असे कोणास वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. सरकारी दप्तरात माळाचे नाव 'पडीक' असेच राहिले. त्यामुळे त्यावर कारखाने, वसाहती किंवा झाडांची लागवड करणे हे पुण्यकृत्य मानले गेले. गावांभोवती कोंबड्यांच्या खुराड्यांतील मृत पक्षी टाकले जातात. त्यांवर भटकी कुत्री पोसतात आणि लांडगेही तेथेच येतात. कुत्र्यांपासून त्यांस रोग जडतात. इतकेच नव्हे, तर पुणे परिसरातील लांडग्यात कुत्र्याचे रक्त मिसळल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने सिद्ध झाले. जी गोष्ट इनामाने पन्नास वर्षांत साधली नाही, ती आता कोणीही हत्यार न उचलता साधेल, असे भय आहे.

अमेरिकेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथील मध्यवर्ती सरकारने १९१५ पासून पगारी शिकारी नेमून लांडगे जवळजवळ निपटून काढले. परिणाम असा झाला की, कायोटी नावाचा त्यांचा कोल्ह्यासारखा भाऊबंद, त्यालाही विष आणि सापळे लावले असताना, पूर्वीपेक्षा अधिक दूरवर पसरला आणि आज मोठमोठ्या शहरांतही वावरतो. एका शेजाऱ्यास घालविले की त्याची जागा रिकामी राहत नाही. तेथे कोण येईल हे मात्र आपल्या हाती नसते.

लांडग्यापासून मनुष्यास मुळीच भय नाही, असे माझे म्हणणे नाही. २०२४ साली उत्तर प्रदेशात बहराइचकडे लांडग्यांनी मुले उचलल्याच्या घटनांनी देश हादरला होता. दख्खनच्या माळावर असे प्रकार विरळा. येथला तंटा मुख्यतः मेंढराचा आहे, आणि मेंढराचा तंटा मिटविणे मनुष्याच्या आवाक्यातील आहे. मारलेल्या जनावराबद्दल सरकार भरपाई देते खरे. पण त्यासाठी पंचनामा व्हावा लागतो. आज या गावी आणि उद्या पुढल्या गावी असलेल्या, ज्याचे कोकरू लांडग्याने उचलूनच नेले त्या धनगराने पंचनामा कशाचा दाखवावा? दादोजींच्या काळी इनाम मेलेल्या लांडग्यासाठी होते. आज लांडगा जिवंत राहावा अशी राज्याची इच्छा असेल, तर त्या इच्छेचा खर्च एकट्या मेंढपाळाच्या वाघरीतून वसूल होऊ नये. भरपाई त्याच्या पालापर्यंत वेळेवर पोहोचावी, चराईचा माळ त्याच्यासाठी राखावा आणि दप्तरातील 'पडीक' हा शब्द एकदा खोडून तेथे 'गवताळ रान' असे लिहावे. सफरीस जाणाऱ्या पाहुण्यांनीही एवढे ध्यानी ठेवावे की, दुर्बिणीतून जो लांडगा त्यांस दिसतो, त्याच्या पोटी बहुधा कोण्या एका धनगराचे कोकरू गेलेले असते.