अर्ध्या तासाचा काटा

नाशिकची द्राक्षं जानेवारी ते एप्रिलमध्ये कंटेनरमधून युरोपला जातात आणि त्यांतली बरीचशी रॉटरडॅम बंदरात उतरतात. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीच्या पॅकहाउसमधून तिकडच्या खरेदीदाराला फोन लावायचा तर आपल्या वेळेतून साडेचार तास वजा करायचे. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोप आपली घड्याळं तासभर पुढे करतो, आणि ऐन हंगामात हा फरक साडेतीन तासांवर येतो. लंडनशी फरक साडेपाच तासांचा, उन्हाळ्यात साडेचार. न्यूयॉर्कशी साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. दुबईशी बारा महिने दीड. गिऱ्हाईक कुठलंही असो, हिशेबाच्या शेवटी अर्धा तास उरतोच.

दोन ठिकाणांच्या वेळा एकाच डायलवर दाखवणारी मनगटी घड्याळं याच कामासाठी जन्मली. त्यांतलं सर्वांत नावाजलेलं म्हणजे रोलेक्सचं जीएमटी-मास्टर. त्याची किंमत ट्रॅक्टरच्या किमतीशी स्पर्धा करते, म्हणून घेणारा चार जणांना विचारतो: जुनं घ्यावं की नवं? उत्तरं मिळतात ती रंगाबद्दल, चमकेबद्दल, पुढे भाव वाढेल की नाही याबद्दल. भारतात बसून घड्याळ वापरणाऱ्याने मात्र आधी त्या अर्ध्या तासाची चौकशी करावी. तो अर्धा तास घड्याळाच्या यंत्रात कधी बसला नाही आणि का बसला नाही, हे कळलं की निवड बरीच सोपी होते.

दुसऱ्या वेळेचा काटा मुळात तासकाटा नव्हताच, मिनिटकाटा होता. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात कॉर्न एक्स्चेंजच्या दर्शनी भिंतीवर १८२२चं घड्याळ आहे. १८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली आणि शहरात दोन वेळा नांदू लागल्या. ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेला असल्यामुळे तिथला मध्यान्ह सुमारे दहा मिनिटं उशिरा होतो. गावाची वेळ सोडायची नाही आणि गाडीही चुकवायची नाही, म्हणून घड्याळाला दुसरा मिनिटकाटा जोडला गेला. १८५२ मध्ये ब्रिस्टलने ग्रीनिचची वेळ मान्य केली, पण तो जादा काटा आजही फिरतो आहे.

आपल्याकडेही प्रत्येक गावाचा मध्यान्ह वेगळा होता. लग्नात घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडून गुरुजी चोवीस-चोवीस मिनिटांच्या घटका मोजत, त्या त्याच गावच्या सूर्योदयापासून. रेखांशाच्या हिशेबाने नाशिकची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५५ मिनिटं येते आणि मुंबईची ४ तास ५१ मिनिटं. १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे सुरू झाली, आणि पुढे देशभरच्या गाड्या मद्रासच्या वेळेने, म्हणजे ग्रीनिचच्या ५ तास २१ मिनिटं पुढे, धावू लागल्या. त्यामुळे नाशिकच्या सूर्याचे बारा वाजायचे तेव्हा स्टेशनात १२ वाजून २६ मिनिटं झालेली असायची. तेव्हा जर कुणी नाशिककरासाठी दोन वेळांचं घड्याळ बनवलं असतं, तर त्यालाही दुसरा मिनिटकाटाच लावावा लागला असता.

१८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचचं रेखावृत्त शून्य ठरलं. पुढच्या काही दशकांत एकेका देशाने ग्रीनिचपासून पूर्ण तासांच्या अंतरावरची वेळ स्वीकारली. घड्याळ बनवणाऱ्यांचं काम एकदम हलकं झालं. जगभर मिनिटं तीच राहणार आणि बदलणार फक्त तास, तर दुसरा मिनिटकाटा हवाच कशाला? एक जादा तासकाटा पुरे. दोन वेळांच्या घड्याळाचं आजचं रूप या गृहीतावर उभं आहे.

भारताने या गृहीताला छेद दिला. देश सुमारे तीस रेखांश रुंद, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ दोन तासांचा. ७५ अंशांवरची पाच तासांची वेळ पश्चिमेला सोयीची, ९० अंशांवरची सहा तासांची पूर्वेला. सरकारने बरोबर मधलं, मिर्झापूरजवळून जाणारं ८२.५ अंशांचं रेखावृत्त धरलं, आणि १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईला ते रुचलं नाही. तिची घड्याळं एका रात्रीत ३९ मिनिटं पुढे जाणार होती. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम बंद ठेवून गिरण्यांवर दगडफेक केली, नागरिकांनी सह्यांचे अर्ज केले, आणि ‘मुंबई टाइम’ शहराच्या व्यवहारात १९५५च्या सुमारापर्यंत टिकून राहिला. नाशिकच्या वाट्याला ३५ मिनिटांचा फरक आला. रामकुंडावर सूर्य माथ्यावर येतो तेव्हा प्रमाणवेळेने सरासरी १२ वाजून ३५ मिनिटं झालेली असतात.

देशाच्या आत आता एकच वेळ होती, त्यामुळे जादा काट्याची गरज देशाबाहेर पडणाऱ्यालाच. तीही लगेच भासली नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये सिनेमाचं तंत्र शिकायला लंडनला गेले, ते बोटीने. बोटीवरची घड्याळं रोज थोडी थोडी मागे सरकवली जात, आणि उतरेपर्यंत प्रवाशाचं शरीर नव्या वेळेला सरावलेलं असे. हा सराव विमानाने मोडला. एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि हाच प्रवास जेटच्या वेगाने होऊ लागला. वैमानिकांची अडचण आणखी वेगळी होती. नोंदी, हवामानाचे अहवाल, उड्डाणाचे आराखडे सगळे ग्रीनिचच्या वेळेत, आणि जेवण-झोप मात्र जिथे उतरू तिथल्या वेळेत.

एका डायलवर दोन वेळा दाखवण्याचे प्रयत्न याआधीही झाले होते. १९३०च्या दशकात जिनिव्हाजवळच्या लुई कोतिए या कारागिराने चोवीस तासांची कडी आणि शहरांच्या नावांची कडी जोडून साऱ्या जगाची वेळ एका तबकडीवर आणली. ग्लायसीनचं ‘एअरमॅन’ १९५३ मध्ये आलं. त्याचा तासकाटा दिवसातून एकदाच फिरत असे आणि काचेभोवतीची कडी फिरवून दुसरी वेळ लावता येई. १९५५ मध्ये रोलेक्सने अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीच्या वैमानिकांसाठी जीएमटी-मास्टर बाजारात आणलं. त्यात नेहमीच्या काट्यांसोबत चोवीस तासांत एक फेरी मारणारा चौथा काटा होता आणि भोवती चोवीस आकड्यांची फिरती कडी, म्हणजे बेझल. तिचा अर्धा भाग दिवसासाठी लाल, अर्धा रात्रीसाठी निळा.

या पहिल्या घड्याळाचा मॉडेल क्रमांक ६५४२. त्याची बेझल बॅकेलाइटची होती. ती तडकायची, आणि आकड्यांमध्ये अंधारात चमकावं म्हणून रेडियम भरलेलं होतं. लवकरच तिच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आलं. १९५९ पासून १९८० पर्यंत १६७५ हे मॉडेल चाललं आणि आज ‘व्हिंटेज’ म्हणून बहुधा याचंच नाव घेतलं जातं. या दोन्ही मॉडेलांत चौथा काटा तासकाट्याला बांधलेला आहे. तो स्वतंत्रपणे हलत नाही. दुसरी वेळ लावायची ती फक्त बेझल फिरवून.

१९८३ मध्ये जीएमटी-मास्टर २ आलं. आता तासकाटा एकटाच तासातासाने उडी मारू शकत होता. विमानातून उतरलं की चावी अर्धी ओढायची आणि तासकाटा पुढे-मागे करायचा. सेकंदकाटा थांबत नाही, मिनिटं हलत नाहीत, तारीखही आपोआप जुळते. बेझलला आता १२० टप्पे होते. २००५ पासून सिरॅमिकची बेझल आली. तिला ओरखडा पडत नाही, उन्हाने रंग उडत नाही, आणि ती फिरते नेमक्या २४ टप्प्यांत, प्रत्येक टप्पा एका तासाचा. २०१८ मध्ये स्टीलच्या केसमध्ये लाल-निळी सिरॅमिक बेझल आली, आणि आतलं नवं यंत्र एकदा पूर्ण चावी बसली की सुमारे ७० तास चालतं.

कारागिरी म्हणून यातलं प्रत्येक पाऊल पुढचं आहे. आपल्या अर्ध्या तासाची वाट मात्र प्रत्येक पावलागणिक अरुंद होत गेली.

हिशेब मांडून पाहू. फेब्रुवारीत नाशिकला दुपारचे साडेचार वाजलेत, रॉटरडॅमला बारा. १६७५चा चौथा काटा आपली वेळ दाखवतो, म्हणजे १६ आणि १७च्या बरोबर मध्ये उभा आहे. त्याची बेझल कुठल्याच टप्प्यावर अडकत नाही. ती घर्षणावर फिरते आणि सोडाल तिथे थांबते. तिच्यावरचा १२चा आकडा काट्यासमोर आणून सोडायचा. तो काटा आता दिवसभर रॉटरडॅमची वेळ दाखवेल, अर्ध्या तासासकट. मार्चअखेर बेझल एका तासाने सरकवली की झालं.

तेच नव्या घड्याळावर करून पाहा. बेझल तासाच्या टप्प्यावरच थांबते. चौथा काटाही मिनिटकाट्याला बांधलेला, त्यामुळे आपल्याकडे साडेचार वाजले की तो दोन आकड्यांच्या मध्येच असणार. तो साडेअकरा दाखवेल किंवा साडेबारा. बारा दाखवणार नाही. म्हणजे लाखो रुपये मोजूनही अर्धा तास मनातच वजा करायचा. १२० टप्प्यांची मधली पिढी अर्ध्या तासाच्या जवळ पोचते, पण तिथे नेमकी थांबत नाही. अर्ध्या आणि पाऊण तासांचे फरकही दाखवणारी घड्याळं व्हॅशरॉन कॉन्स्टंटिनसारख्या काही कंपन्या बनवतात, पण त्यांच्या किमती आणखी वरच्या.

म्हणून जुनंच घ्यावं का? ते घड्याळ कुणासाठी आहे त्यावर अवलंबून. महिन्यातून दोनदा दुबई-फ्रँकफर्ट करणाऱ्याला नवंच बरं. उतरल्या उतरल्या त्याला तासकाटा झटपट हलवायचा असतो, आणि उरलेला अर्धा तास मिनिटकाटा सरकवून एकदाच लावता येतो. पाणी, धक्का, घाम यांची नव्याला फारशी भीती नाही. १६७५ वर तारीख बदलायची तर काटे चोवीस तास फिरवावे लागतात, आणि पन्नास वर्षांच्या केसला पोहताना पाण्यात नेऊ नये. पण जो नाशिकमध्ये बसूनच परदेशाशी व्यवहार करतो त्याला जुन्याची ती मोकळी बेझल खऱ्या अर्थाने उपयोगी आहे.

जुन्याचे धोकेही जुनेच. परदेशी घड्याळांच्या आयातीवर आपल्याकडे दीर्घकाळ निर्बंध होते. १९६१ पासून एचएमटीने देशाला वेळ पुरवली, आणि तिच्या ‘पायलट’ मॉडेललाही दुसऱ्या वेळेचा काटा नव्हता. त्यामुळे इथे सापडणाऱ्या जुन्या परदेशी घड्याळांमागे बहुधा बिलं नसतात. शिवाय डायल पुन्हा रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे सुटे भाग जुळवून विकण्याचा धंदा इतका फोफावला की जगभरच्या संग्राहकांत अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ हे नावच पडलं. डायलवरचा रंग एकसारखा ताजा, पण काट्यांतला चमकीचा लेप पिवळा पडलेला, असं दिसलं तर हात आखडता घ्यावा. केस घासघासून गुळगुळीत केली असेल, तिच्या कडा बोथट झाल्या असतील, तर किंमत उतरलीच पाहिजे. मूळ बेझल फिकी पडलेली असली तरी चालेल, नवी बदललेली असेल तर विक्रेत्याने ते आधी सांगायला हवं. आणि पाठ उघडून यंत्र पाहणारा, याआधी १६७५ मॉडेल हाताळलेला घड्याळजी व्यवहाराच्या वेळी शेजारी असू द्यावा.

एवढा खर्च न करता भागवायचं असेल, तर फक्त लंडनपुरती एक फुकटची युक्ती आहे. साधं काट्यांचं घड्याळ उलटं धरायचं. मिनिटकाटा अर्धा तास फिरतो आणि तासकाटा सहा तास. तासकाटा खऱ्या जागेपेक्षा अर्ध्या तासाने मागे दिसतो, पण मिनिटं अचूक येतात, आणि तास कुठला ते सहज कळतं. ही सोय भारताला साडेपाच तासांनीच दिली. पाच किंवा सहा तासांची वेळ ठरली असती, तर घड्याळ उलटं धरून काही हाती लागलं नसतं. मात्र ही युक्ती लंडनच्या हिवाळ्यापुरतीच चालते.

रॉटरडॅमसाठी बेझलच लागणार. दुकानात घड्याळ हातात आलं की डायलच्या रंगाकडे नंतर बघावं. आधी बेझल दोन बोटांनी फिरवावी, दोन आकड्यांच्या मध्ये आणावी आणि सोडून द्यावी. ती तिथेच थांबली, तर भावाचं बोलायला हरकत नाही.