हॅकिंग शिकायचंय? आधी घरच्या लॅपटॉपवर लॅब उभी करा, दुसऱ्याच्या वायफायला हात लावू नका

बारावीनंतर कॉम्प्युटरकडे वळणाऱ्या गावाकडच्या बऱ्याच मुलांना ‘एथिकल हॅकिंग’ची ओढ असते. व्हिडिओ बघून शेजाऱ्याचं वायफाय किंवा शाळेची वेबसाइट ‘ट्राय’ करून बघायचा मोह होतो. मालकाची परवानगी नसेल तर तो सराव नसून गुन्हा ठरतो. सराव करायचा तर स्वतःच्या लॅबमध्येच.

पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणजे काय?
शेतकरी बांधावरून फिरून कुंपण कुठं तुटलंय ते बघतो, तसंच हे काम. मालकाच्या लेखी परवानगीनं त्याच्या सिस्टीममधल्या कमकुवत जागा शोधायच्या आणि त्या कशा बुजवायच्या ते कळवायचं.

लॅबसाठी काय लागतं?
१) ८ जीबी रॅमचा लॅपटॉप. त्याच्या बायॉस सेटिंगमध्ये ‘व्हर्च्युअलायझेशन’ चालू हवं.
२) व्हर्च्युअलबॉक्स. हे मोफत सॉफ्टवेअर एकाच लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगळे कॉम्प्युटर चालवतं.
३) काली लिनक्स. तपासणीची साधनं यात आधीच भरलेली असतात. हेही मोफत.
४) मेटास्प्लॉइटेबल २. सरावासाठी मुद्दाम कच्चा ठेवलेला कॉम्प्युटर. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन मशीन बनवून त्याची डिस्क फाइल जोडायची.

डाउनलोड जड आहे, चांगली रेंज असेल तिथंच करावं आणि मूळ साइटवरूनच घ्यावं.

नेटवर्क जोडताना चूक नको
दोन्ही मशीनचं नेटवर्क ‘होस्ट-ओन्ली’ ठेवावं, ‘ब्रिज्ड’ नको. ब्रिज्ड केलं की हा कच्चा कॉम्प्युटर घरच्या नेटवर्कवर उघडा पडतो. सुरुवातीलाच ‘स्नॅपशॉट’ घेऊन ठेवावा. काही बिघडलं तर मशीन पुन्हा होतं तसं करता येतं.

पहिला सराव
मेटास्प्लॉइटेबलमध्ये युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही ‘एमएसएफअॅडमिन’ असं स्पेलिंगनं टाकून लॉगिन करावं आणि त्याचा आयपी पत्ता बघावा. मग कालीमधून ‘एनमॅप’नं तोच पत्ता तपासावा. कोणते पोर्ट उघडे आहेत आणि तिथं कोणतं सॉफ्टवेअर चालतंय, त्याची यादी मिळते. २१ नंबरच्या पोर्टवर व्हीएसएफटीपीडी २.३.४ दिसेल. २०११ मध्ये या आवृत्तीच्या डाउनलोड फाइलमध्ये कुणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. सॉफ्टवेअर वेळेवर अपडेट का करायचं आणि मूळ जागेवरून घेतलेली फाइलसुद्धा का पडताळायची, ते इथं कळतं.

प्रत्येक वेळी वहीत लिहावं: काय तपासलं, काय सापडलं, उपाय काय. नोकरीत असा रिपोर्ट लिहिता येणं फार कामाला येतं.

लॅपटॉप जुना असेल तर?
‘ओव्हरदवायर’चा ‘बँडिट’ हा मोफत खेळ कमी रॅमवरही चालतो. लिनक्सच्या कमांड त्यात पायरीपायरीनं शिकता येतात.

कायदा काय सांगतो?
माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ नुसार अप्रामाणिक किंवा लबाडीच्या हेतूनं विनापरवानगी दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हेतू तसा नसला तरी कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागू शकते. पोलिसांत एकदा केस झाली की नोकरीच्या वेळी अडचण येते. एखाद्या सरकारी साइटमध्ये खोट सहज नजरेस पडली तर आत शिरू नये, केंद्राच्या ‘सर्ट-इन’ संस्थेला कळवावं.