टेन्युअरची गोष्ट: नोकरी पक्की, पण कशासाठी?

एका श्रोतीचा मेसेज आला होता, "दादा, अमेरिकेत इतिहासात पीएचडी केलीस, मग तिथेच प्राध्यापक का नाही झालास?"

प्रयत्न केला ना! तीन वर्षं. दर सप्टेंबरला जाहिराती शोधायच्या. प्रत्येक ठिकाणी वेगळं पत्र, सीव्ही, संशोधनाचा नमुना, तिघांची शिफारसपत्रं. हे सगळं कशासाठी? तर 'टेन्युअर-ट्रॅक' जागेसाठी. म्हणजे साधारण सहा वर्षं तुम्हाला पारखतात आणि पास झालात तर नोकरी कायम.

पण ही पद्धत आली कुठून? त्यासाठी १९०० सालच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जाऊ. एडवर्ड रॉस नावाचा प्राध्यापक जाहीर भाषणं करायचा. खासगी रेल्वे कंपन्यांवर टीका करायचा, आणि आशियातून येणाऱ्या मजुरांना रोखा म्हणायचा. स्टॅनफर्ड घराण्याचा पैसा रेल्वेतला. संस्थापक जेन स्टॅनफर्ड यांनी आग्रह धरला आणि रॉसला जावं लागलं. निषेध म्हणून आर्थर लव्हजॉय या तत्त्वज्ञानाच्या तरुण प्राध्यापकानेही राजीनामा दिला.

गंमत बघा, ज्याच्यावरून हा वाद पेटला, त्याला माझ्यासारखा आशियातून आलेला माणूस तिथे नकोच होता!

पुढे १९१५ मध्ये लव्हजॉय आणि जॉन ड्यूई यांनी प्राध्यापकांची संघटना उभी केली. (हो, कोलंबियात बाबासाहेबांना शिकवणारे तेच ड्यूई.) १९४० मध्ये नियम ठरला की उमेदवारीचा काळ सात वर्षांपेक्षा जास्त नको. त्यानंतर पुरेशा कारणाशिवाय काढता येणार नाही. म्हणजे टेन्युअर ही आरामाची खुर्ची नव्हती. न घाबरता बोलता यावं म्हणून दिलेलं ते संरक्षण होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॉलेजं वाढली, जागा भरपूर झाल्या. पण कित्येक नेमणुका गाइडच्या एका फोनवर व्हायच्या. त्या ओळखीपाळखीच्या वर्तुळात बायका आणि कृष्णवर्णीय क्वचितच असायचे. १९७० च्या दशकात जाहिराती उघडपणे यायला लागल्या, आणि नेमक्या तेव्हाच जागा आटल्या. १९८९ मध्ये बोवेन आणि सोसा या अभ्यासकांनी भाकीत केलं की लवकरच प्राध्यापक कमी पडतील. त्या आशेवर अनेकांनी पीएचडी केली. कॉलेजांनी मात्र कंत्राटी आणि तासांवर शिकवणारी माणसं घेतली. आज तिथले साधारण दोन-तृतीयांश शिक्षक टेन्युअरच्या बाहेर आहेत. आपल्याकडे 'तासिका तत्त्वावर' शिकवणाऱ्या दादा-ताईंना हे वेगळं सांगायला नको.

आता माझं. एका कॉलेजने शेवटच्या फेरीला बोलावलं. रात्री जेवताना एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी माझ्याच विषयावर एक चुकीचं विधान ठासून केलं. मला उत्तर माहीत होतं. मी हसून मान डोलावली. म्हटलं, आधी नोकरी लागू दे, मग बोलू.

नोकरी लागली नाहीच. व्हिसा संपत आला, मी परत आलो. नकाराचं ते ईमेल मी केव्हाच विसरलो. ती डोलावलेली मान मात्र अजून आठवते. बोलता यावं म्हणून जे संरक्षण बनलं, ते मिळवायला मी गप्प बसलो होतो.

तुम्ही कधी असे गप्प बसलात का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!